तीनदा परत आलेली फियाट आणि ५ मिलिमीटरचा हिशोब



जॉब कार्डाच्या व्हिडिओत मी जाता जाता बोलून गेलो होतो, की एका जुन्या फियाटने मला चौऱ्याऐंशीशे रुपयांना झोपवलं. तिथे तो विषय दोन मिनिटांत उरकला, कारण मापं आणि आकडे तोंडी सांगायला लागलो की बघणारा कंटाळतो. वाचायला मात्र तेच बरं पडतं. तुम्ही गॅरेज काढायच्या विचारात असाल, ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकणार असाल, किंवा मिक्सर-पंखे दुरुस्तीचं, तरी हे सावकाश वाचा. पट्टा आणि पुली सगळीकडे तशीच वागते.

माझं दुकान कोल्हापुरात. मूळ वडिलांचं, ऑटो इलेक्ट्रिकचं. मी बीबीए केलं, दोन वर्षं नोकरी केली आणि परत त्याच शटरखाली येऊन बसलो. बीबीएत कॉस्टिंगचा पेपर होता, त्यात मार्कही चांगले होते. पण एकच काम तीनदा फुकट करावं लागलं तर त्याचं कॉस्टिंग कसं मांडायचं, हे त्या पेपरात नव्हतं.

गाडी होती १९७० ची फियाट ११०० डिलाइट. मालक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही गाडी मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात व्हायची. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. पुढे हीच गाडी पद्मिनी नावाने विकली गेली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्या देशाला माहीत झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली. तेव्हा बरेच जण म्हणाले की आता फियाटचं काम संपलं. धंद्याच्या नजरेने बघितलं तर उलट झालंय. टॅक्सीवाल्याला स्वस्तात काम हवं असायचं. आता ज्यांच्याकडे ही गाडी उरलीय, त्यांनी ती जीव लावून ठेवलीय. ते पैसे द्यायला तयार असतात, पण काम नीट झालं नाही तर माफ करत नाहीत.

सरांचं म्हणणं साधं होतं. डायनॅमो म्हातारा झालाय, रात्री हेडलाइट लावले की बॅटरी उतरते. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आहे आणि तिची पाठवणी आजोबांच्या गाडीतूनच करायचीय. मी म्हटलं, "सर, डायनॅमो काढून छोट्या गाडीचा आल्टरनेटर बसवून देतो, आयुष्यभराची कटकट जाईल." बिल केलं ९,५०० रुपये. आल्टरनेटर ४,८००, ब्रॅकेट ९००, वायरिंग आणि पट्टा मिळून ६००. म्हणजे ६,३०० चा माल आणि माझ्या हातात ३,२००. दोन दिवसांचं काम, मी खूश.

चार दिवसांनी सर परत. "अरे, सकाळी चालू केली की चिमण्या ओरडल्यासारखा आवाज येतोय." मी पट्टा ताणला, आवाज गेला. पुढच्या आठवड्यात परत तेच. या वेळी मी पट्टाच बदलला आणि जुना फेकून दिला. नीट बघितलाही नाही. ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक, का ते पुढे कळेल. सरांनी जाता जाता विचारलं, "मधूनच चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो, चालेल ना?" मी सांगितलं, "कधी कधी मिणमिणतो सर, काळजी करू नका."

लग्नाला अकरा दिवस राहिले असताना सर पत्रिका द्यायला रत्नागिरीला गेले. परत येताना संध्याकाळी आंबा घाटाच्या चढाला पट्टा खाचेतून निघून उलटा झाला आणि थोड्या वेळात तुटला. लाल दिवा लागला. पण मीच सांगून ठेवलं होतं ना, काळजी करू नका म्हणून! सरांनी गाडी थांबवली नाही, माथ्यावर जाऊन बघू म्हणाले. आता या इंजिनात तोच एक पट्टा वॉटर पंप आणि पंखाही फिरवतो. पट्टा गेला की पाणी फिरायचं थांबतं. भर चढाला, इंजिनवर पूर्ण भार असताना. बॉनेटमधून वाफ आल्यावरच गाडी थांबली. सर, बाई आणि मुलगी रात्री साडेनऊपर्यंत घाटात उभे होते.

दुसऱ्या दिवशी गाडी फ्लॅटबेडवर दुकानासमोर आली. हेड गॅस्केट गेलं होतं. सर काही बोलले नाहीत. नुसती चावी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "अकरा दिवस आहेत. नाही जमलं तर आजच सांग, मी दुसरी गाडी बघतो."

ती शांतता ओरडण्यापेक्षा जास्त लागली, खरं सांगतो.

पट्टा खोटं बोलत नाही

या वेळी मी पट्ट्याचा उरलेला तुकडा टेबलावर घेऊन बसलो. व्ही पट्टा खाचेच्या तळावर चालत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चालतो. पाचरीसारखा अडकतो आणि त्यातून पकड मिळते. म्हणून पट्ट्याची खरी गोष्ट त्याच्या कडांवर लिहिलेली असते. दोन्ही कडा सारख्या मळकट असतील तर ठीक. दोन्ही आरशासारख्या चकचकीत असतील तर पट्टा सैल राहून घसरत होता. आणि एकच कड घासून दोरे बाहेर आले असतील, दुसरी जवळजवळ नवी असेल, तर पुल्या लायनीत नाहीत. सरांच्या पट्ट्याची एकच कड खाल्लेली होती. ब्रॅकेटच्या मागच्या बाजूला काळी बारीक पूड साचली होती, तीसुद्धा मला आधी दिसायला हवी होती.

पहिला पट्टा मी फेकून दिला नसता तर हे सगळं घाटाच्या आधीच कळलं असतं. आता दुकानात नियम आहे: काढलेला पट्टा गाडी महिनाभर नीट चालेपर्यंत, गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून खिळ्याला टांगून ठेवायचा. गिऱ्हाईक विचारतात, हे काय तोरण लावलंय म्हणून.

अजून एक सोपी तपासणी आहे, तीही मी केली नव्हती. इंजिन आयडलिंगला चालू ठेवायचं आणि स्प्रेच्या बाटलीने पट्ट्याच्या आतल्या बाजूवर साध्या पाण्याचा फवारा मारायचा. आवाज काही सेकंद बंद होऊन परत आला, तर बहुतेक करून पुल्यांची लाइन चुकलीय. पाणी मारल्यावर आवाज वाढला, तर पट्टा सैल आहे. बाही वर, अंगठी आणि कडं काढून, गळ्यातली चेन आत, आणि हात पंख्यापासून लांब. जुन्या गाडीत पंखा उघडा असतो आणि तो कुणाचं ऐकत नाही.

पाण्याच्या या फवाऱ्याला खर्च शून्य आणि वेळ एक मिनिट. पहिल्या दिवशी मी ते एक मिनिट दिलं असतं तर पट्टा ताणून गाडी परत पाठवलीच नसती. पट्टा ताणल्याने आवाज दबतो, कारण जाता जात नाही. वर बेअरिंगवर भार वाढतो तो वेगळाच.

मी मोजलं होतं, पण चुकीच्या जागेवर

तुम्हाला वाटेल, आल्टरनेटर बसवताना लाइन बघितलीच नसेल याने. बघितली होती! स्टीलची सरळ पट्टी घेतली, क्रँक पुलीच्या तोंडावर आडवी धरली, आल्टरनेटरच्या पुलीला टेकवली. दोन्हीकडे बरोबर टेकली, उजेडाची फटसुद्धा नाही. मी म्हटलं, एक नंबर.

गडबड अशी, की पट्टा पुलीच्या तोंडावर चालत नाही, खाचेत चालतो. आणि तोंडापासून खाच किती आत आहे, हे प्रत्येक पुलीचं वेगळं असतं. क्रँकची जुनी पुली ओतीव, तिची पुढची भिंत ८ मिलिमीटर जाड. आल्टरनेटरची पुली पत्र्याची, भिंत फक्त ३ मिलिमीटर. खाचेची रुंदी दोन्हीकडे १३ मिलिमीटर. आता हिशोब करा. क्रँकच्या खाचेचा मध्य तोंडापासून ८ अधिक साडेसहा, म्हणजे साडेचौदा मिलिमीटर आत. आल्टरनेटरचा ३ अधिक साडेसहा, म्हणजे साडेनऊ. तोंडं एका रेषेत, आणि खाचा ५ मिलिमीटरने वाकड्या. आल्टरनेटर ५ मिलिमीटर पुढे, रेडिएटरच्या बाजूला.

५ मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटायचं. दोन पुल्यांच्या मध्यांतलं अंतर ३०० मिलिमीटरच्या आसपास आहे. तेवढ्या अंतरात ५ मिलिमीटर म्हणजे साधारण एक अंशाचा कोन. व्ही पट्टा जास्तीत जास्त अर्धा अंश सहन करतो, म्हणजे ३०० मिलिमीटरला अडीच मिलिमीटरच्या आसपास. मी दुप्पट दिला होता. मी आता १ मिलिमीटरच्या आत आणल्याशिवाय गाडी सोडत नाही.

तर मोजायची पद्धत अशी. आधी बॅटरीची अर्थ काढा. मग जी पुली हलवता येत नाही तिथून सुरुवात करा. या इंजिनात क्रँकची आणि वॉटर पंपाची पुली जागच्या जागी असते, आल्टरनेटर आपण हलवू शकतो. म्हणून आधी क्रँक आणि वॉटर पंप एकमेकांशी जुळतात का बघायचं. तेच जुळत नसतील तर आल्टरनेटरला हात लावण्यात अर्थ नाही. कुणीतरी कधीतरी दुसरीच पुली घातलेली असते, किंवा पुलीमागचा वॉशर जागेवर नसतो. पंपाची पुली पुढे-मागे हलवून बघायची. डुगडुगली तर पंपाचं बेअरिंग गेलंय, आधी ते. मग इंजिन हाताने फिरवून प्रत्येक पुली डोलते का बघायची. तार वाकवून जवळ धरली की डोलणं लगेच कळतं. सरांच्या गाडीत पंप आणि क्रँक अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळत होते आणि पुल्या सरळ फिरत होत्या. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी कुर्ल्यात बसवलेलं बरोबर होतं. चुकलं होतं ते माझं.

त्यानंतर सरळ पट्टी क्रँक पुलीच्या तोंडावर धरायची, आणि व्हर्नियरच्या मागच्या सळईने पट्टीपासून खाचेच्या पुढच्या कडेपर्यंत आणि मागच्या कडेपर्यंत खोली मोजायची. दोन्हींचा मध्य काढायचा. तसंच आल्टरनेटरवर. आकडे लगेच जॉब कार्डावर लिहायचे, डोक्यात ठेवायचे नाहीत. खाचेत बसणारं लेसरचं यंत्रही मिळतं, आणि काम वाढलं की जरूर घ्या. पण धंदा सुरू करताना दोन फुटी स्टीलची पट्टी, बऱ्यापैकी व्हर्नियर, टॉर्च आणि छोटा आरसा एवढं पुरतं. पहिल्या वर्षी यंत्रात पैसे अडकवू नका, हे मी आपल्या प्रत्येक बॅचला सांगतो.

मोजताना दुसरी भानगड सापडली, आणि खरं सांगायचं तर तीच मला जास्त लाजवून गेली. आल्टरनेटरला खाली दोन कान असतात, पुढचा आणि मागचा. आपलं ब्रॅकेट त्या दोघांच्या मध्ये बसतं आणि आरपार एक लांब बोल्ट जातो. पुढच्या कानात आणि ब्रॅकेटमध्ये मी १२ मिलिमीटरचा बुश घातला होता. मागच्या कानाकडे ३ मिलिमीटरची फट उरली होती, ती तशीच सोडली. म्हटलं बोल्ट आवळला की बसेल. बोल्ट आवळला की ती फट मिटते खरी, पण कान वाकून मिटते, आणि त्याच्याबरोबर सगळा आल्टरनेटर तिरका होतो. बोल्ट ढिला असताना मी पट्टी लावली होती तेव्हा पुली सरळ होती. आवळून, पट्टा ताणून परत पट्टी लावली, तर पुलीच्या एका कडेला १ मिलिमीटर फट. ७० मिलिमीटरच्या पुलीवर १ मिलिमीटर म्हणजे पाऊण अंशापेक्षा जास्त तिरकी. म्हणजे एकाच आल्टरनेटरवर दोन चुका, एक सरकलेली आणि एक कललेली. आल्टरनेटरचे कान ॲल्युमिनियमचे असतात, आणखी काही महिन्यांत तो कान तडकलाच असता.

म्हणून लक्षात ठेवा, शेवटचं माप नेहमी सगळे बोल्ट आवळून आणि पट्टा ताणून घ्यायचं. ढिल्या बोल्टावरचं माप लिहूच नका. पट्टीही नुसती टेकली का एवढं बघायचं नाही, प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांना टेकली का ते बघायचं. दोन्ही पुल्यांच्या भिंती सारख्या जाडीच्या असतील तर दोन पुल्या, चार टेकू. एका पुलीची एकच कड टेकली तर ती कललीय. भिंती सारख्या असूनही पूर्ण पुलीच मागे राहिली तर ती सरकलीय.

उद्यमनगरातला अर्धा तास

आल्टरनेटर ५ मिलिमीटर मागे न्यायचा होता. काही जण अशा वेळी पुलीच्या मागचे वॉशर कमी-जास्त करतात. ते करू नका. जुन्या पद्धतीच्या आल्टरनेटरमध्ये पुलीच्या मागे त्याचा स्वतःचा छोटा पंखा आणि बेअरिंगला टेकणारा स्पेसर असतो, तिथली जागा बदलली की पंखा बॉडीला घासतो. आख्खा आल्टरनेटर सरकवणं हाच नीट मार्ग. पुढचा बुश १२ चा ७ करायचा. आल्टरनेटर मागे गेला की मागची फट ३ ची ८ होणार, तिथे ८ चा बुश भरायचा. पडताळा सोपा: १२ अधिक ३ पंधरा, ७ अधिक ८ पंधरा. बेरीज जुळली नाही तर लेथवर जाऊ नका.

मी लेथवर गेलो शिवाजी उद्यमनगरात. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सांगतो, फाउंड्री, लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग सगळं तिथे एका गल्लीत मिळतं. आमच्या गावात जुन्या गाडीचा धंदा करायला ही एक जमेची बाजू आहे. हेडही तिथेच फेसिंगला टाकलं होतं. मिस्त्री माझ्या वडिलांच्या वेळचे. मी म्हटलं, "मिस्त्री, दोन बुश पाहिजेत, असे अंदाजे एवढे." त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "अंदाजे तर तू आधी बसवला होतास की. माप आण."

कागद दाखवला तेव्हा कुठे हातात घेतलं. दोन्ही बुश मिळून अडीचशे रुपये. आतलं भोक बोल्टाला बेताचं ठेवून घेतलं, कारण भोक ढिलं राहिलं की बोल्ट हलतो, कान अंडाकृती होतात आणि सहा महिन्यांत परत तीच बोंब. वरच्या ताणपट्टीकडेही आल्टरनेटर ५ मिलिमीटर मागे गेला होता, तिथे तेवढ्या जाडीचा वॉशर दिला. ही जागा सगळे विसरतात. ती विसरली तर वरचा बोल्ट आवळताना आल्टरनेटर परत पुढे ओढला जातो आणि केलेलं सगळं पाण्यात.

सगळं आवळून मोजलं: अर्धा मिलिमीटर. पुली कललेलीही नाही.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. पट्टा खाचेच्या मापाचाच हवा. नवा पट्टा खाचेच्या काठाशी सपाट किंवा किंचित वर बसला पाहिजे. आत बुडून तळाला टेकत असेल तर पट्टा अरुंद आहे किंवा पुली झिजलीय, आणि असा पट्टा कितीही ताणला तरी घसरणारच. जुन्या गाडीचा पट्टा मिळाला नाही की पुष्कळ जण हार्डवेअरच्या दुकानातून मशीनचा ए सेक्शनचा पट्टा आणतात. त्यावर ए-३८ लिहिलं असेल तर आतून ३८ इंच. अडीअडचणीला, घरी पोचण्यापुरतं ठीक आहे. पण आल्टरनेटरची पुली लहान असते, त्या छोट्या वळणावर जाड कापडी पट्टा तापतो. आतून दाते पाडलेला गाडीचा पट्टाच घ्या, दोन दिवस थांबावं लागलं तरी. ताण किती द्यायचा ते गाडीच्या पुस्तकात बघा. नसेल पुस्तक, तर अशा जुन्या गाड्यांत सगळ्यात लांब पदरावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. गिटारच्या तारेसारखा ताणला तर वॉटर पंप आणि आल्टरनेटर दोघांची बेअरिंगं खाणार. पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवून, थंड करून परत बघायचा, कारण नवा पट्टा सैल पडतो. दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत एकदा. ही दुसरी भेट मी आता बिलातच धरतो, आणि गिऱ्हाइकाला तारीख लिहून देतो.

आता पैशाचं

दोन जादा पट्टे ७००. घाटातून फ्लॅटबेड ४,५००. गॅस्केट सेट, ऑइल, कूलंट ३,४००. हेड फेसिंग ९००. पोराची तीन दिवसांची मजुरी २,१००. बेरीज ११,६००. त्यातून पहिल्या बिलातले माझे ३,२०० वजा केले तर ८,४०० रुपये खिशातून. बुशचे अडीचशे मी धरतच नाही, ते तर पहिल्याच दिवशी द्यायला हवे होते. आणि माझे स्वतःचे पाच दिवस यात नाहीत. त्या पाच दिवसांत दोन गिऱ्हाइकं "शटर अर्धं होतं" म्हणून दुसरीकडे गेली, तीही नाहीत.

सरांना हा सगळा हिशोब मी दाखवला नाही, फक्त चूक सांगितली. फ्लॅटबेडचं भाडं त्यांनी त्या रात्री दिलं होतं, ते परत केलं. ते घेईनात. मी म्हटलं, "सर, लाल दिव्याचं मी तुम्हाला चुकीचं सांगितलं नसतं तर तुम्ही गाडी थांबवली असती." तेव्हा घेतले.

आता मी नव्याने धंदा करणाऱ्यांना एक विचारतो. या कामात मी कुठे पैसे वाचवायला गेलो होतो? मालात नाही. आल्टरनेटर चांगला होता, पट्टा चांगला होता. मी वाचवला होता मोजण्याचा वेळ, कारण त्या वेळाचे मी पैसे लावत नव्हतो. गिऱ्हाइकाला "चेक करायचे काही नाही, फुकट" असं आपण मोठ्या मनाने सांगतो, आणि मग फुकटचं काम फुकटासारखंच करतो. आता माझ्याकडे पट्टा-पुली तपासणीचे ६०० रुपये वेगळे आहेत. त्यात पाण्याची चाचणी, तिन्ही पुल्यांची मापं, बेअरिंग, आणि मापांचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात. काम माझ्याकडे केलं तर ते पैसे बिलात वळते. सुरुवातीला दहातले तीन-चार जण निघून जातात. जाऊ द्या. नुसता पट्टा बदला म्हणणाऱ्याला मी बदलूनही देतो, पण कार्डावर लिहितो की लाइन तपासलेली नाही, आणि सही घेतो.

जॉब कार्डावर अजून एक ओळ वाढवलीय, ठळक अक्षरात: चार्जिंगचा दिवा लागला किंवा पाण्याचा काटा चढला तर गाडी तिथेच थांबवा, फोन करा. रात्री साडेनऊलाही उचलतो.

एक गोष्ट मध्येच राहिली. जुन्या गाड्यांच्या मागे लागणार असाल तर २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं असतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण गाडी मूळ रूपात असावी लागते, इंजिनात आणि बॉडीत मोठे फेरफार चालत नाहीत, आणि अशी नोंदणी घेतलेली गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. म्हणून लग्नाला भाड्याने द्यायची स्वप्नं बघत कुणी गाडी घेऊन आला, तर कामाला हात घालण्याआधी हे त्याच्या कानावर घाला. आणि डायनॅमो काढलात तर तो भंगारात न देता तेल लावून, कापडात गुंडाळून मालकाच्या ताब्यात द्या. सरांचा मी दिलाय. त्यांनी तो कपाटात ठेवलाय, वडिलांच्या चष्म्याशेजारी.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्वतः गाडी घेऊन ज्योतिबाच्या डोंगरावर गेलो आणि आलो. मुद्दाम भर दुपारी, दुसऱ्या गिअरमध्ये चढवून. वर पोचल्यावर बॉनेट उघडलं, पट्ट्याच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवलं, दोन्हीकडे सारखं गरम. पाण्याचा काटा मध्यावर. तिथेच उभं राहून सरांना फोन केला. ते म्हणाले, "बरं. मग उद्या सकाळी आठला घेऊन ये, फुलं लावायचीत."

मागच्या महिन्यात सर परत आले. मला वाटलं, आला परत आवाज. पण त्यांच्यामागे अजून एक गाडी होती, त्यांच्या मित्राची, गोल पाठीची डुक्कर फियाट. ते काका उतरले आणि म्हणाले, "पट्टा ओरडतोय, एक नवा टाकून द्या पटकन, घाई आहे." मी काही बोलायच्या आत सरच म्हणाले, "तो आधी मोजतो. सहाशे घेतो. बस इथं, चहा सांगितलाय."